परीक्षेत आणू नको

जयपूरचा कडुनिंब थंडीत पान टाकत नाही. होळी होऊन जाते, ऊन अंगाला टोचायला लागतं, आणि मग मार्चमधल्या एखाद्या वाऱ्याच्या दुपारी तो सगळा एकदम गळायला लागतो. विद्याधर नगरातल्या आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना कडुनिंब आहेत. सकाळी झाडलेलं अंगण दहा वाजेपर्यंत पुन्हा पिवळं होतं. शैला, माझी बायको, दरवर्षी म्हणते, "या दिवसांत झाडायचंच नाही, नुसतं बघायचं." आणि दरवर्षी झाडते.

याच दिवसांत मुलांच्या वार्षिक परीक्षा असतात. समोरच्या घरातली मुलगी गच्चीवर फेऱ्या मारत पाठांतर करते. इकडे येताना तिचा आवाज मोठा होतो, तिकडे जाताना बारीक. गणगौरीच्या पूजेसाठी दूर्वा आणायला बायका भल्या सकाळी बागेकडे निघतात, त्यांची गाणी आणि या पोरीचे पाढे एकमेकांत मिसळतात. पोरी बदलतात, पण वीस वर्षं मी हे ऐकतो आहे, आणि वीस वर्षं या दिवसांत माझं कशात लक्ष लागत नाही. घरात सगळ्यांना वाटतं, मला कडुनिंबाच्या मोहोराचा त्रास होतो. मीच तसं सांगून ठेवलं आहे.

मोहोराचा मला काही त्रास नाही.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. विम्याच्या नोकरीनं मला इथं आणलं. बदली होईल, होईल म्हणताना मी इथलाच झालो. इथल्या चर्चमध्ये उपासना हिंदीत होते. म्हणून घरातली प्रार्थना मराठीतच, हा माझा हट्ट. संध्याकाळी सात वाजता सतरंजी अंथरायची, एक गीत म्हणायचं, शास्त्रातला एक उतारा वाचायचा, मग ज्यानं त्यानं आपल्या शब्दांत प्रार्थना करायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. माझ्या वडिलांनी मला ती अशीच शिकवली. एक शब्द चुकला तरी ते पहिल्यापासून म्हणायला लावत. मीही लावत असे. जुन्या मराठीतले ते 'मानिले' आणि 'आम्हांस' माझ्या मुलीच्या तोंडून जसेच्या तसे यायला हवेत, असं मला वाटायचं. ते येत असत, आणि मला त्याचा अभिमान होता. त्यांचा अर्थ तिच्या डोक्यात काय होत होता, हे मी फारसं विचारलं नाही.

माझी मुलगी कृपा तेव्हा तिसरीत होती. आठ वर्षांची. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, घरात आमचं नगरी मराठी. तिची स्वतःची प्रार्थना ऐकणं हा घरातला एक सोहळाच असे. "प्रभू, भाजीवाल्या भैयाच्या ठेल्याचं चाक ठीक कर. आणि बाथरूममधल्या पालीला बाहेर जायची बुद्धी दे, पण तिला मारू नको, मतलब, फक्त बाहेर." शैला ओठ दाबून हसू आवरायची. एकदा कृपानं मला विचारलं, "पप्पा, प्रार्थनेत डोळे का मिटायचे?"

"इकडंतिकडं लक्ष जाऊ नये म्हणून."

"मग देव पण मिटतो का, आपलं ऐकताना?"

"नाही. तो बघत असतो."

"हे बरोबर नाही," ती म्हणाली. "दोघांनी मिटायला पाहिजे, नाही तर दोघांनी उघडे."

'तुझे राज्य येवो' ही ओळ ती फार प्रेमानं म्हणायची. का, ते एकदा कळलं. शाळेत राज्यं आणि राजधान्या पाठ करून घेत होते. राजस्थान, जयपूर. गुजरात, गांधीनगर. आणि मी घरात नेहमी म्हणायचो, आपलं राज्य महाराष्ट्र. तेव्हा तिनं हिशेब लावला होता की पप्पा रोज संध्याकाळी देवाजवळ महाराष्ट्र मागतात. आपल्याला परत बोलवावं म्हणून. मी हे ऐकून खूप हसलो. शैला हसली नाही. ती म्हणाली, "तिला नीट सांगा की." मी म्हणालो, "सांगू. घाई काय आहे?"

पुढं याच प्रार्थनेत एक ओळ येते: आम्हांस परीक्षेत आणू नको. इथं परीक्षा म्हणजे मोह. माणसाचा पाय घसरावा असा प्रसंग. मोठ्यांना तो अर्थ ठाऊक असतो, निदान असतो असं आम्ही धरून चालतो. पण मार्च महिना, घरात वेळापत्रक भिंतीला चिकटवलेलं, आणि गणिताला घाबरणारी आठ वर्षांची मुलगी. सगळी प्रार्थना ती आमच्याबरोबर एका सुरात म्हणायची, आणि ही ओळ आली की तिचा आवाज एकदम चढायचा. डोळे घट्ट मिटलेले, बोटं एकमेकांत रुतलेली. आम्हांस परीक्षेत आणू नको! मग उरलेली प्रार्थना पुन्हा साध्या आवाजात.

एका मिनिटाचं काम होतं. तिला जवळ घेऊन सांगायचं, बेटा, ही शाळेतली परीक्षा नव्हे. मी सांगितलं नाही, कारण ती गोष्ट मला फार गोड वाटत होती. मी ती ऑफिसात सांगितली. रविवारी चर्चच्या ओसरीत, चहाचा कप हातात धरून सांगितली. घरी पाहुणे आले की म्हणायचो, "कृपा, जरा म्हणून दाखव गं." ती म्हणून दाखवायची. लोक हसायचे. ते का हसतात हे तिला कळायचं नाही, पण आपण काहीतरी छान केलं असं समजून तीही हसायची. मुलाची प्रार्थना चारचौघांत हसण्यासाठी बाहेर काढायची नसते, एवढं साधं मला कळलं नाही. आणि मी चर्चच्या कमिटीवर होतो.

त्या वर्षी आमच्या घरात दोन परीक्षा होत्या. एक तिची, एक माझी. खात्याअंतर्गत बढतीची. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, दाढी करताना माझ्यासमोर नियमांची पुस्तकं असायची. आणि शैला गरोदर होती. कृपानंतर आठ वर्षांनी. मध्ये दोनदा आशा लागून सुटली होती, तेव्हा हे बाळ शैलानं देवाजवळ अक्षरशः मागून घेतलं होतं. ती चालताना एक हात पोटावर ठेवून चालायची, जणू कुणाचं तरी बोट धरलं आहे.

माझं मात्र तसं नव्हतं. आता मी जे लिहिणार आहे ते वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी आनंदी होतो, असं सगळ्यांना वाटत होतं. प्रार्थनेत मी मोठ्यानं म्हणायचो, "प्रभू, शैलाला सांभाळ, येणाऱ्या बाळाला सांभाळ." शब्द चोख असायचे. पण त्या शब्दांच्या खाली, डोळे मिटलेल्या अंधारात, दुसरेच दोन शब्द असायचे. आत्ता नको. बढती होऊ दे, बदली कुठं होते ते कळू दे, जरा स्थिर होऊ दे. आत्ता नको. मी ते कधी उच्चारले नाहीत. पण ज्याला मी मुलीसमोर 'तो सगळं ऐकतो' म्हणत होतो, त्याच्याशी मी तेवढंच खरं बोलत होतो.

गणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळी साडेसहाला शैलानं न्हाणीघरातून हाक मारली. तशी हाक मी आधी कधी ऐकली नव्हती. शेजारच्या भाभीजींनी गाडी काढली. कृपा गणवेश घालून तयार होती. तिला कुणाकडं ठेवायचं हे सुचलंच नाही, ती तशीच आमच्याबरोबर आली. वेणीला लाल रिबिनी, हातात पुठ्ठ्याचं पॅड आणि पेन्सिलींचा डबा. हॉस्पिटलच्या बाकावर ती ते पॅड मांडीवर घेऊन बसून राहिली.

दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी कारण सांगितलं, वैद्यकीय, सरळ, कुणाच्याही हातात नसलेलं. मुलगा होता, हेही सांगितलं. शैला ठीक होती. मी मान डोलावली. मग कृपा उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या शर्टाची बाही ओढून हळूच म्हणाली, "पप्पा, माझा पेपर आज नाही झाला ना?"

तिला काय विचारायचं होतं ते मला आज माहीत आहे. शाळेत टीचर रागावतील का, एवढंच. पण मी तिच्याकडं बघितलं आणि म्हणालो, "हेच मागत होतीस ना रोज? मिळालं बघ तुला."

बस. एवढंच. आवाजही चढवला नव्हता.

तिनं माझी बाही सोडली. पॅड छातीशी धरून ती परत बाकावर जाऊन बसली.

थकलेल्या माणसाच्या तोंडून काहीही निघतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरंही असेल. पण ते वाक्य नेमकं तेच का निघालं, हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. मागणारा मी होतो. जे माझ्या छातीवर येऊन बसलं होतं, ते मी उचललं आणि समोर जो सगळ्यांत लहान होता त्याच्या अंगावर टाकलं.

शैला घरी आली त्या संध्याकाळी आम्ही तिच्या पलंगाशीच प्रार्थनेला बसलो. 'परीक्षेत आणू नको' ही ओळ आली आणि कृपाचा आवाज थांबला. ओळ सरली तरी तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी ती सुरुवातीपासूनच गप्प होती. डोळे मिटलेले, हात जोडलेले, ओठही मिटलेले. शैला म्हणाली, "भेदरली आहे पोर. राहू दे." शाळेनं तिचा पेपर नंतर घेतला. ती पास झाली. मीही पास झालो. जूनमध्ये बढती मिळाली, इथल्याच ऑफिसात. पेढे मी वाटले नाहीत, एवढंच काय ते माझं प्रायश्चित्त.

त्याच उन्हाळ्यातली एक दुपार. कूलरची खस भिजून घरभर तो ओल्या गवताचा वास, मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. आतून कृपाचा आवाज आला, "आई, आपण मागितलेलं देवानं दिलं, आणि मग आपण म्हटलं की नको, हे परत घे, तर तो आधीचं परत देतो का?"

शैलाला वाटलं, पोरीनं शाळेत कुणाशी तरी खोडरबराची अदलाबदल केली आहे. "जे दिलं ते दिलं बाळा," ती म्हणाली. "झोप आता जरा."

मला अर्थ कळला होता. दोन खोल्यांमध्ये एक पडदा होता फक्त. मी उठून आत जाऊ शकलो असतो. मी पेपरचं पान उलटलं.

लोक म्हणतात, मुलं विसरतात. मी त्याच्यावर वीस वर्षं काढली. कृपा मोठी झाली, शिकली, हसतीखेळती राहिली. चर्चमध्ये यायची, गाणीसुद्धा म्हणायची. पण घरात प्रार्थनेची तिची पाळी आली की ती म्हणे, "मी मनात करते." शैला याला लाजाळूपणा म्हणे. कमिटीत बसून मी इतर आईबापांना मुलांना प्रार्थना कशी शिकवावी याचे सल्ले देत असे, आणि घरी सात वाजता माझ्या मुलीच्या मिटलेल्या ओठांकडं बघत नसे. डोळे मिटायची सोय होती.

या वर्षी कृपा फेब्रुवारीतच आली. तिचा नवरा सैन्यात आहे. नव्या ठिकाणी क्वार्टर मिळेपर्यंत ती आणि चार वर्षांची इवा आमच्याकडंच राहणार. इवा मला नानू म्हणते. आजोबा म्हण, असं सांगून मी थकलो. "आजोबा बहुत लंबा है," असं तिचं म्हणणं. पहिल्या काही आठवड्यांत ती सतरंजीवर लोळत असे, मग एका संध्याकाळी आपण होऊन माझ्यासमोर मांडी घालून बसली. मी तिचे दोन्ही पंजे धरून जोडले. "हं, म्हण माझ्यामागं..."

"पप्पा." कृपा दारात उभी होती, हात पिठाचे. "तिला नका शिकवू."

"अगं, नुसते हात जोडायला..."

"मी शिकवेन. नाहीतर राहू दे, शिकेल तेव्हा शिकेल."

शैला म्हणाली, "असं काय बोलतेस? तुला कुणी शिकवलं? यांनीच ना? आजोबा नाही शिकवणार तर कोण शिकवणार?"

"कुणीही शिकवू दे आई. तू शिकव. चर्चमधलं कुणी शिकवू दे." कृपाच्या आवाजात राग नव्हता. "पप्पा नकोत, बस."

इवाचे पंजे अजून माझ्या हातात होते. मी ते सोडले. शैलानं माझ्याकडं बघितलं, मी खिडकीकडं.

दोन दिवसांनी दुपारी कृपा गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. मी वर गेलो. कडुनिंबाची पानं कपड्यांच्या घड्यांत अडकलेली, ती एकेक झटकत होती. मी सरळ म्हणालो, "त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मी तुला एक वाक्य बोललो होतो."

तिनं हातातला फ्रॉक खाली ठेवला नाही. "मला वाटलं, तुम्हाला आठवत नाही."

"आठवतं."

"मी तसं खरंच समजत होते हे माहीत आहे? की माझ्यामुळं झालं? आठवी-नववीपर्यंत. मतलब, डोक्याला कळायचं की असं नसतं. पण प्रार्थना म्हटली की जीभ जड व्हायची." ती थोडी हसली. "आता इवाला काही मागायला शिकवायचं म्हटलं तरी भीती वाटते मला. चुकून भलतंच मागेल."

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

"काय माहीत होतं?"

"तू तसं समजते आहेस हे. तू आईला विचारलंस, देव परत देतो का, ते मी ऐकलं होतं."

आता तिनं फ्रॉक खाली ठेवला. समोरची मुलगी गच्चीवर येरझाऱ्या घालत कुठल्याशा लढाईची कारणं पाठ करत होती.

"वीस वर्षं, पप्पा," कृपा म्हणाली. "एकदा आत यायचं होतं."

"अजून एक आहे." थांबलो असतो तर पुन्हा कधी बोललो नसतो. मी तिला ते दोन शब्द सांगितले. आत्ता नको. तू फक्त पेपर चुकावा म्हणून मागत होतीस, बाळाविरुद्ध मागणारा मी होतो, हे सांगितलं. देव अशा मागण्या पुरवतो असं मी मानत नाही, तेव्हाही मानत नव्हतो; पण दोष कुणाच्या तरी नावावर टाकायचाच होता तर तो माझ्या नावावर पडायला हवा होता, आणि मी तो तुझ्यावर टाकला. मला क्षमा कर.

तिनं डोळे पुसले, ओढणीनं, घाईघाईत. मग विचारलं, "आईला माहीत आहे?"

"नाही."

"मग मला आधी का सांगताय? ते बाळ तिचं होतं." कपड्यांचा गठ्ठा तिनं कडेवर घेतला. "आधी तिला सांगा. माझं मग बघू. इवाचंही."

शैला मागच्या अंगणात मंगोड्या घालत होती. मुगाच्या वाटलेल्या डाळीच्या या छोट्या वड्या ती इथंच शिकली, भाभीजींकडून. जुन्या पांढऱ्या चादरीवर बोटांनी एकेक थेंब सोडत ती पुढं सरकत होती, ओळ वाकडी होऊ न देता. मी बाजूच्या पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं, काही न गाळता. कृपाला काय बोललो ते आणि मी मनात काय म्हणत होतो ते. तिचा हात थांबला नाही. ओळ पुरी झाली, दुसरी सुरू झाली.

"तेव्हा किती महिने झाले होते, आठवतं?" तिनं विचारलं.

"पाच."

"साडेपाच," ती म्हणाली. आणि डाळीचं पातेलं उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चहा वेळेवर येत होता, जेवण वाढलं जात होतं, इवाशी हसणं चालू होतं. सोडाल्याच्या बाजारातून माझी रक्तदाबाची गोळीही तिनं आणून ठेवली. फक्त माझ्याकडं शब्द येत नव्हता. संध्याकाळी सात वाजले की मी सतरंजीकडं जायचो आणि परत यायचो. त्या घरात तीस एक माणसांची प्रार्थनासभासुद्धा मी चालवली आहे. आता घरातल्या तिघींसमोर तोंड उघडायची मला हिंमत होत नव्हती. गप्प राहणं म्हणजे काय असतं, ते आठ वर्षांच्या पोरीला किती जड गेलं असेल, हे मला त्या तीन दिवसांत थोडं कळलं. फार नाही. माझं वय आठ नव्हतं.

चौथ्या दिवशी सात वाजता मी खुर्चीतच बसून होतो. शैलानं सतरंजी अंथरली. कृपाला हाक मारली. इवा धावत आली आणि मधोमध बसली. शैलानं माझ्याकडं न बघता सतरंजीची एक कड हातानं सारखी केली, बसायला जागा असते तेवढी. मी उठून तिथं बसलो.

"आज मी करते," ती म्हणाली.

गीत नाही, वाचन नाही. तिनं डोळे मिटले. "प्रभू, तू आमच्या शमुवेलाला वीस वर्षं सांभाळलंस. मी रोज मनात तुझे आभार मानत आले, आज सगळ्यांसमोर मानते."

शमुवेल. हे नाव त्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. शमुवेल म्हणजे देवाजवळ मागून घेतलेला. तिनं त्याला नाव ठेवलं होतं, आणि वीस वर्षं, माझ्या शेजारी बसून, मी मोठमोठ्यानं प्रार्थना करत असताना, ती त्याला त्या नावानं हाक मारत होती.

आमेन कुणी म्हटलं नाही. इवानं एक डोळा उघडला, मग दुसरा. तिनं नानीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं.

"शमुवेल कौन है?"

शैलाचे डोळे मिटलेलेच होते. कृपानं तोंड उघडलं, मग थांबली, आणि वीस वर्षांत त्या सतरंजीवर पहिल्यांदा तिनं माझ्याकडं सरळ बघितलं.

"पप्पा, तुम्ही सांगा तिला," ती म्हणाली.

मी इवाला जवळ ओढलं.

"तुझा मामा," मी म्हणालो.